अक्का क्रिटिकल

बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

मागच्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत शेवटची पानं कोरी राहिली होती. नवी डायरी कशाला विकत आणायची, म्हणून ह्यातच लिहिते. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, कालपासून आयसीयूत आहेत. आधी नुसता खोकला होता, मी अडुळशाचा काढा दिला. मग ताप चढला, मग श्वास पुरेना. न्यूमोनिया निघाला. आज सकाळी डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पेशंट क्रिटिकल आहे." त्यापुढेही त्या बरंच काही सांगत होत्या, पण क्रिटिकल म्हटल्यावर पुढचं कुणी ऐकलंच नाही.

ह्यांनी उभ्या उभ्या फोन काढला आणि ‘मगदूम परिवार’ ग्रुपवर टाकलं, ‘अक्का क्रिटिकल’. पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. ह्यांचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे, भाव कळवायची सवय. तेवढ्याच घाईनं कळवलं. तेव्हापासून फोन खाली ठेवता आलेला नाही.

मी मॅट्रिक. क्रिटिकल हा शब्द ऐकून माहीत आहे, पण त्याचा नेमका अर्थ विचारावासा वाटला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "ही काय शब्दार्थ विचारायची वेळ आहे का?" म्हणजे ह्यांनाही माहीत नाही. फाटकावरच्या वॉचमनला मात्र पक्कं माहीत होतं. म्हणाला, "किरटिकलवाल्यांची गाडी आत लावली तर चालतीया. बाकीच्यांनी भायेर."

नणंद साताऱ्याहून निघाल्या. कमलश्रीवन्सं. फोनवर रडल्या आणि मग म्हणाल्या, "वैनी, फिक्या रंगाची साडी मी बरोबरच घेऊन येऊ ना? ऐन वेळी पळापळ नको."

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज माझ्या हातून मोठं काम घडलं. नीट लिहून ठेवते.

सकाळपासून माणूस लोटलाय. ह्यांचे एक विट्याचे मित्र थेट कोइमतूरहून आले, तिथलं सोनं-चांदी गाळायचं गलाईचं दुकान बंद ठेवून. पलूसची मामेमंडळी टेम्पो करून आली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की अक्का आयुष्यभर जैन धर्मानं वागल्या, तर जाताना काहीतरी त्याग घडला पाहिजे.

वन्सं म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी नुसतं तूप सोडलं होतं. तरी साताऱ्यात नाव झालं."

मामा म्हणाले, "मग अक्काला दूध आन् तूप, दोन सोडू द्या."

"दोनच का?" वन्सं म्हणाल्या. "सहाही रस सोडू देत. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ. आता पाळायचेत किती वेळ? उद्या सकाळपर्यंतचा तर प्रश्न."

मंदिराचे सेक्रेटरी आण्णासाहेब फोनवर होते. ते म्हणाले, "आजन्म म्हणा. मुदतीचा नियम जरा हलका पडतो."

माझ्या मनात एक शंका आली ती मी बोलून दाखवली. नियम देताना सवलत ठेवायची पद्धत आहे, की या आजारातून उठले तर मी मोकळी. वन्संनी माझा हातच धरला. "वैनी, असलं अभद्र बोलू नका. उठायची सवलत ठेवली की जीव तिथंच घुटमळत राहतो." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं.

हे म्हणाले, "नियम तूच दे. तुझं पाठांतर चांगलं आहे."

आत गेले. अक्कांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क, कपाळ तापलेलं. मी कानाशी णमोकार मंत्र म्हटला. नर्स म्हणाली, "हळू म्हणा, शेजारी पेशंट आहे." मग मी एकेक रसाचं नाव घेतलं आणि विचारलं, "अक्का, सहाही रसांचा आजन्म त्याग. कबूल?"

आणि अक्कांची मान हलली. माझ्या डोळ्यांनी पाहिली. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा वन्सं रडता रडता हसल्या. मामा म्हणाले, "सुटली म्हातारी."

परिग्रहाचंही, म्हणजे दागदागिने सोडण्याचंही, विचारायचं ठरलं होतं, पण नर्सनं वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. तरी त्यांच्या कमरेची कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. दवाखान्यात हरवायला नको.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. काल ताप उतरला. आज डॉक्टर हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी आऊट ऑफ डेंजर आहेत. उद्या वॉर्डात हलवू."

जिनेंद्राची कृपा, असं मीच पहिल्यांदा म्हटलं.

मग विट्याचे मित्र म्हणाले, "वर्धमान, गड्या, पुढच्या टायमाला जरा नीट चौकशी करून कळवत जा."

"डॉक्टर स्वतः म्हणाल्या क्रिटिकल," हे म्हणाले. "माझ्या मनाचं लिहिलं का मी?"

"न्हाई, तसं न्हाई रं. पण निम्मं तामिळनाडू आन् सबंध कर्नाटक बसनं आलोय मी."

वन्संनी तिथंच बाकावर ह्यांना राखी बांधली. एका खेपेत दोन्ही कामं झाली म्हणाल्या. दुपारच्या गाडीनं गेल्या. फिकी साडी माझ्याकडे ठेवून गेल्या, "राहू दे इथंच, परत कुठं नेआण करू."

शुक्रवार, १५ ऑगस्ट

अक्का घरी आल्या. ओवाळलं. कॉटवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "राजमती, वाईच च्या टाक. आलं घाल. साखर बेतानं."

मला बोलणं जड गेलं. पण नियम तो नियम. म्हटलं, "अक्का, तुम्ही रस सोडलेत. सहाही."

"कवा?"

"आयसीयूत. मी विचारलं, तुम्ही मान हलवलीत."

अक्का म्हणाल्या, "तू ईचारलंस?"

"होय."

"मीठ बी?"

"मीठसुद्धा. आजन्म."

"तू म्हंतीस तर सोडलं आसंन," अक्का म्हणाल्या. गरम पाणी मागून घेतलं आणि चहासारखं फुंकून फुंकून प्यायल्या. एवढ्या मोठ्या आजारातून उठल्या पण कुरकुर नाही. आजकालच्या लोकांना हे जमायचं नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

अक्कांचं ताट: अळणी भात, मुगाचं कढण, उकडलेला दुधी. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत परत तेच.

घरात दूध कमी लागतं. अक्कांच्या वाटचं तूप उरतं. मी मुद्दाम हिशेब केला नाही, कारण त्यागातून आलेल्या बचतीचा हिशेब करणं बरं दिसत नाही. पण गवळ्याला अर्धा लिटर कमी करायला सांगितलं.

गल्लीत बातमी गेलीय. जोशीकाकू येऊन पाया पडून गेल्या. त्या जैन नाहीत तरी. भांड्याची धोंडुबाई दारातनंच हात जोडते. आज म्हणाली, "आक्का आता देवमाणूस झाल्या बगा. वैनी, माज्या नातवाची पोलीस भरती हाय, जरा त्यास्नी ईचारा की, व्हतंय का."

मी म्हटलं, "अगं, असं विचारायचं नसतं."

"बरं, ईचारू नगा. नुसतं कानावर घाला."

अक्का हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

रविवार, २४ ऑगस्ट

ब्राह्मीचा पुण्याहून फोन. आमची एकुलती एक, कंपनीत आहे, बोलणं तडकाफडकी.

"आई, अक्काआजी काय खातेय?"

सांगितलं.

"आणि मीठ?"

"तेच तर सोडलंय."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"डॉक्टरांचा आणि नियमाचा काय संबंध?"

"आई, ती बाहत्तर वर्षांची आहे, न्यूमोनियातून उठलीय आणि बीपीची गोळी चालू आहे! परत दाखवायला बोलावलं होतं ना?"

बोलावलं होतं. पण खोकला नाही, ताप नाही. चांगल्या माणसाला दवाखान्यात नेऊन पैसे कशाला मोजायचे? तसं म्हटल्यावर तिनं फोन बापाकडं मागितला. हे म्हणाले, "तुझी आई बघतेय ना," आणि हळदीच्या सौद्याला निघून गेले. ह्यांचं एक बरं आहे. घरातली प्रत्येक अवघड गोष्ट माझ्या भक्तीवर सोपवलेली आहे.

मुलगी शिकलेली आहे, पण श्रद्धा कमी पडते. तिच्यासाठी एक माळ जास्त जपली.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

दशलक्षण पर्व कालपासून सुरू झालं, दहा दिवस, रोज एका गुणाचा. आज उत्तम मार्दव, म्हणजे नम्रता.

अक्कांमध्ये मोठा फरक पडत चाललाय. बोलणं कमी झालं. एका जागी बसून भिंतीकडं बघत राहतात. मालिका लावली तर बघत नाहीत, वर्तमानपत्रातलं राशिभविष्य मागत नाहीत. सकाळी मला "चंपू" म्हणाल्या. चंपू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, वारून जमाना झाला. मी म्हटलं, अक्का, मी राजमती. तर नुसत्या बघत राहिल्या.

आण्णासाहेबांना सांगितलं. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "वहिनी, ह्याला भेदविज्ञान म्हणतात. देह वेगळा, नातं वेगळं, आत्मा वेगळा. भल्याभल्यांना साधत नाही." लगेच त्यांनी ठरवून टाकलं की त्यागाच्या दिवशी अक्कांचा मंदिरात सत्कार करायचा.

घरी आले तर अक्का न्हाणीघराच्या उंबऱ्याशी भिंत धरून उभ्या. पाय टाकता येईना. धोंडुबाईनं धरून आणलं. म्हणाली, "वैनी, म्हातारी लय गळाटलीया. पायात जीव न्हाई."

म्हटलं, "तप आहे, धोंडुबाई. तपानं देह क्षीण होतोच."

"व्हय?" म्हणाली आणि परत हात जोडले.

बुधवार, ३ सप्टेंबर

चौकात फ्लेक्स लागला. ‘षड्रसत्यागी श्रीमती गुणमाला मगदूम यांचा भव्य सत्कार’. वर आण्णासाहेबांचा फोटो, शेजारी त्यांच्या नगरसेवक होऊ घातलेल्या पुतण्याचा, पृथ्वीराजचा. खाली कोपऱ्यात पासपोर्ट साईजच्या अक्का. तो फोटो रेशनकार्डावरचा आहे, मीच काढून दिला. नवा काढायचा म्हणजे स्टुडिओवाला फार घेतो.

आज मी एक प्रयोग केला. ज्यांच्या पुण्याईवर घराचं नाव होतंय त्यांच्या बरोबरीनं एक वेळ तरी जेवावं, म्हणून त्यांच्यासारखंच ताट वाढून घेतलं. पहिला घास गेला. दुसरा तोंडात फिरायला लागला. चौथ्याला उठून लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली.

मनात आलं, आपल्याला एक वेळ झेपत नाही ते ही बाई किती दिवस करतेय, आणि आपण तिला करायला लावतोय का? पण मी कुठं लावलं? मान त्यांनी हलवली. तरी लोणच्याच्या हातानं हे लिहिताना बरं वाटत नाही.

ह्यांना म्हटलं, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"उद्या सत्कार आहे. सगळे पाव्हणे येणार. परवा बघू."

आज अक्कांनी दोन घासांवर ताट सरकवलं. मळमळतंय म्हणाल्या. उपवासाकडं कल दिसतो.

गुरुवार, ४ सप्टेंबर. उत्तम त्याग

परत त्याच बाकावर.

अक्कांना रिक्षानं मंदिरात नेलं. नवी साडी नेसवली, खुर्चीत बसवलं, हार घातला. वन्सं साताऱ्याहून आल्या होत्या, पलूसचे मामा होते. आण्णासाहेब बोलायला उभे राहिले. अक्कांची मान हळूहळू छातीवर आली. आण्णासाहेब म्हणाले, "पहा! सत्कार चालू आहे आणि माउली सत्काराच्या पलीकडं गेलीय. ध्यान लागलंय!" टाळ्या झाल्या. पृथ्वीराजनं फोटो काढला.

मी शेजारी बसले होते. अक्कांच्या तोंडातून लाळ साडीवर पडत होती. डावा हात झटके देत होता. मी खांद्याला हात लावला, हाक मारली. काही नाही.

मी उभी राहिले. आण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, शांत. ध्यानभंग होईल."

मी म्हटलं, "ध्यानात लाळ गळत नाही!"

माईक समोरच होता. सबंध मंदिरात ऐकू गेलं. आयुष्यात कधी चार माणसांत आवाज चढवला नव्हता. नंतर कुणी उचललं, कुणाची गाडी होती, आठवत नाही.

डॉक्टर त्याच होत्या. डॉ. सृष्टी. वयानं ब्राह्मीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. रक्त तपासून आल्या आणि विचारलं, "आजींच्या जेवणात मीठ किती असतं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बिनमिठाचं देताय का?"

मी म्हटलं, "अजिबात नाही मीठ. इथून गेल्यापासून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. आम्हीच."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. म्हणाल्या, "बीपीच्या ह्या गोळीनं अंगातलं मीठ लघवीवाटे जातं. त्यात खाण्यातून आलंच नाही. रक्तातलं मीठ धोक्याच्या फार खाली गेलंय. त्यामुळं मेंदूला सूज आहे, म्हणून झटके. पेशंट क्रिटिकल आहे."

ह्यांचा हात खिशात गेला. फोन बाहेर आला. मी तो हातातनं काढून घेतला. पंचवीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या हातातलं काही काढून घ्यायची ही पहिली वेळ.

मी डॉक्टरांना विचारलं, "क्रिटिकल म्हणजे नेमकं काय, ते आम्हाला सांगा."

"म्हणजे जिवाला धोका आहे. पुढचे काही तास काहीही होऊ शकतं."

"काहीही म्हणजे बरंसुद्धा?"

"अहो, म्हणून तर आम्ही धडपडतोय! क्रिटिकल म्हणजे गेलेलं माणूस नाही. ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त करायचं असतं ते माणूस. गेल्या वेळी हेच सांगत होते मी, तुमच्यातलं कुणीच ऐकत नव्हतं." मग म्हणाल्या, "मिठाचं सलाईन लावतेय. बेतानं, जपून द्यावं लागतं. तुमची संमती द्या."

तेव्हा सुरू झालं.

वन्सं म्हणाल्या, "मिठाचं? मग नियम मोडतो की."

मामा म्हणाले, "तोंडानं न्हाई जात. शिरंतनं जातंय. त्येला खाणं म्हंत न्हाईत."

आण्णासाहेब हार हातात घेऊनच आले होते. म्हणाले, "मार्ग कोणता हा प्रश्न नाही. मीठ अंगात गेलं, हा प्रश्न आहे. पंडितजींना विचारू." पंडितजी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसलेले, फोन बंद. मग असं ठरायला लागलं, की त्यांचं सामायिक होईतो थांबावं. पृथ्वीराज म्हणाला, दुसरं कुठलं बिनमिठाचं सलाईन मिळत असेल तर तो सांगलीभर शोधून आणेल. कुणीतरी मागनं म्हणालं, "आज त्यागाचा दिवस. आजच्या दिवशी गेल्या तर सोनं होईल."

आणि वन्सं माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "वैनी, तुम्ही आत जाऊन णमोकार म्हणा. आणि ह्या वेळी अन्नाच्याच त्यागाचं विचारून घ्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. वाईट बाई नाहीत. आईवर जीव आहे. मागच्या वेळी मीही अशीच दिसत असणार.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमचं ठरेपर्यंत आजींचा मेंदू थांबणार नाही."

मी म्हटलं, "लावा सलाईन."

आण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, नियमभंगाचं पातक..."

"नियम मी दिला. मोडतेही मीच. जे काही पातक आहे ते माझ्या नावावर मांडा. मला हिशेब ठेवायची सवय आहे."

हे खाली बघत होते. आता परत म्हणतात की काय, ‘राजमती बघतेय ना’. पण हे पुढं झाले, डॉक्टरांच्या हातातला पेन घेतला आणि सही केली. मग माझ्याशेजारी येऊन बसले. फोन मागितला नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

अक्का शुद्धीवर आल्या. दुपारी मला आत सोडलं. मला ओळखलं. राजमती म्हणाल्या, चंपू नाही.

मी सगळं सांगितलं. सलाईन, मीठ, नियम मोडला ते. माझा निर्णय म्हणून सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "मला न ईचारता?"

"तुम्ही शुद्धीत नव्हता."

"तवा तरी कुठं व्हते?"

म्हटलं, "तेव्हा तुम्ही मान हलवलीत, अक्का. मी बघितली."

"अगं, त्या मास्काचा पट्टा कानाखाली काचत व्हता. आग पडली व्हती नुसती. तुला म्हनत व्हते, जरा सैल कर."

मी बाजूचं स्टूल ओढून बसले.

"मग घरी आल्यावर बोलला का नाहीत? चहा मागितलात, मी नाही म्हटलं, तेव्हा?"

अक्का म्हणाल्या, "तापात मानूस काय बी बोलतंय. म्हटलं, बोलले आसंन. आन् तू म्हनलीस ईचारलं, मान हलवली. तू खोटं बोलत न्हाईस हे अख्ख्या गल्लीला ठावं हाय. च्यासाठनं तुला खोटं पाडू व्हय?"

"मीठ नव्हतं तरी?"

"लय कडू लागायचं गं तोंड," अक्का म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, सहज, जसं आज उकडतंय म्हणावं.

नर्सनं वेळ संपली म्हटलं. मी उठले नाही. नर्सनं परत सांगितलं. परत उठले नाही. मग तीच निघून गेली.

सोमवार, ८ सप्टेंबर. क्षमावाणी

सकाळपासून फोन वाजतोय. ‘कळत नकळत मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.’ मगदूम परिवारावर एकाच मजकुराचे एवढे निरोप आले, की कोण कुणाची क्षमा मागतंय कळेना. आण्णासाहेबांनी कमळाचं चित्र टाकलंय. फ्लेक्स अजून चौकातच आहे, उतरवायचा खर्च कुणी करायचा ह्यावर चर्चा चालू आहे.

अक्कांना काल वॉर्डात आणलं. मी ग्रुपवर काही टाकलं नाही. वॉर्डात गेले, कॉटशी वाकले, पायावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "अक्का, क्षमा."

"कशाची?"

लिहायला लाज वाटते, पण ते सगळं मी एकेक करून सांगितलं. विचारण्यासारखं विचारलं नाही. उठायची सवलत मला सुचली होती, मी सोडून दिली. लोक तुमच्या पाया पडायला लागले ते मला आवडत होतं. तूप उरतं म्हणून बरं वाटत होतं. गवळ्याला अर्धा लिटर कमी केलं.

गवळ्याचं ऐकून अक्का हसल्या. "अर्धा लिटर? आन् त्यो कबूल झाला? मी मागल्या वर्षी पाव कमी म्हनलं तर भांडला व्हता."

डॉक्टरांनी आजपासून घरचं जेवण द्यायला सांगितलंय. डबा उघडला. वरण, भात, भाजी. मीठ वेगळं एका पुडीत आणलं होतं. म्हटलं, "अक्का, मीठ घालू का?"

"ईचारतीस?"

"विचारते."

"घाल." मी चिमटीत घेतलं, त्या बघत होत्या. "आनि वाईच. हां. तूप बी घाल. गोड नगं, त्ये मला पयल्यापासनंच जात न्हाई, त्ये खरंच सोडते. लिही तुज्या वहीत, शुद्धीत सोडलं म्हनून. आन् राजमती, दुधी परत माज्यापुढं आनलास तर बघ."

पहिला घास त्यांनी तोंडात धरून ठेवला. लगेच गिळला नाही. हे खिडकीकडं तोंड करून बाहेरचा पार्किंगचा गोंधळ बघायला लागले.

तेवढ्यात शुक्रवारीच परत गेलेल्या वन्संचा साताऱ्याहून फोन. आधी उत्तम क्षमा, मग म्हणाल्या, "वैनी, ग्रुपवर काहीच नाही. अक्का अजून क्रिटिकल आहेत का? मी बॅग भरून ठेवलीय तशीच."

म्हटलं, "जेवतायत."

"म्हणजे?"

"जेवतायत, वन्सं."

"हो, पण डॉक्टर नेमका शब्द काय म्हणाल्या? इथं सगळे विचारतायत, काय सांगू?"

"जेवतायत म्हणून सांगा. ठेवते मी, अक्कांना आणखी भात हवाय."